दहा दिवसांत सहा शहरे? चाळीस जणांच्या शालेय गटासाठी युरोपचा आराखडा

प्रश्न थोडक्यात असा: नववी-दहावीचे ३६ विद्यार्थी आणि ४ शिक्षक, दहा दिवस, नऊ मुक्काम. लंडन, ॲमस्टरडॅम, पॅरिस, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम ही सहा शहरे पाहायची आहेत. बस घ्यावी की रेल्वे, आणि तिकिटे कधी काढावीत?

वाहन आणि तिकिटांकडे वळण्याआधी शहरांची संख्या कमी करा. सहा शहरे म्हणजे पाच स्थलांतरे. एका स्थलांतराचा खरा हिशेब मांडून पाहा: खोल्या रिकाम्या करून चाळीस जणांनी बॅगांसह खाली जमायला सव्वा तास, स्टेशन गाठून गाडीच्या पाऊण तास आधी उभे राहायचे, तीन तासांचा प्रवास, तिथून मुक्कामाला पोहोचायला एक तास, आणि खोल्या बहुधा दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाहीत. साधारण सहा-सात तास गेले. असे पाच वेळा केले की दहातले पाच दिवस बॅगा ओढण्यात जातात. येण्याचा आणि जाण्याचा दिवस वजा केला तर सहा शहरांसाठी उरतात जेमतेम तीन दिवस.

मोठ्या गटाला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, आणि तो टाळता येत नाही. तीन शौचालये, चाळीस माणसे, प्रत्येकी दोन मिनिटे: जवळपास अर्धा तास. चौघांच्या कुटुंबाचा कार्यक्रम दहाने गुणून शालेय सहल तयार होत नाही. दिवसाला वेळ ठरवून तिकीट काढलेली दोनच ठिकाणे ठेवा, एक सकाळी, एक दुपारी. तिसरे घुसवले की दुसऱ्याची वेळ चुकते, आणि चुकलेल्या वेळेचे तिकीट बहुतेक ठिकाणी वाया जाते.

यादीतून पहिले लंडन काढा. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्याची परवानगी वेगळी, आणि मधेच लंडनला जाऊन परत मुख्य भूमीवर यायचे तर शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. ॲमस्टरडॅम सुंदर आहे, पण ते उत्तरेच्या वेगळ्या सहलीत शोभेल. तिथे मध्यवर्ती भागात मार्गदर्शकासोबत पंधराहून जास्त जणांच्या गटाला परवानगी नाही, म्हणजे तुमचे तीन गट आणि तीन मार्गदर्शक. व्हेनिसमध्ये २०२४ पासून ही मर्यादा २५ आहे आणि मार्गदर्शकांच्या ध्वनिवर्धकांना बंदी आहे. शिवाय वर्षातल्या ठरावीक दिवशी, एका दिवसापुरते येणाऱ्या चौदा वर्षांवरील प्रत्येकाला प्रवेश शुल्क भरून नोंदणी करावी लागते. फ्लॉरेन्सहून एका दिवसात व्हेनिस करून येणे वेगवान रेल्वेने जमते, पण पाहणे कमी आणि धावाधाव जास्त होते. ते सोडा.

उरतात पॅरिस, फ्लॉरेन्स आणि रोम. या तिघांना जोडणारा एक धागाही आहे, जो शाळेच्या सहलीला फार उपयोगी पडतो. पोप दुसरे ज्युलियस यांच्या समाधीसाठी मायकेलअँजेलोने सुरू केलेली शिल्पे आज या तीन शहरांत विखुरलेली आहेत: दोन 'गुलाम' पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, चार अर्धवट कोरलेले 'कैदी' फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात त्याच्याच डेव्हिड या पुतळ्याकडे जाणाऱ्या दालनात, आणि मोझेसचा पुतळा रोममधल्या सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये. अपुऱ्या शिल्पांवर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात, मुले तिथे आपणहून थांबतात. डेव्हिडचे काम १५०१ ते १५०४ आणि व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलच्या छतावरील चित्रांचे १५०८ ते १५१२. म्हणजे फ्लॉरेन्स आधी आणि रोम नंतर हा क्रम इतिहासालाही धरून आहे. निघण्याआधी वर्गात एक तास या समाधीवर घ्या. तीन शहरांत मिळून तीन डझन ठिकाणे दाखवण्यापेक्षा हे जास्त टिकते.

आता वार. इथे बहुतेक आराखडे फसतात, कारण संग्रहालयांच्या सुट्ट्या शहरागणिक वेगळ्या. लूव्र मंगळवारी बंद. पॅरिसचेच ओर्से संग्रहालय आणि जवळचा व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. फ्लॉरेन्सची उफिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद. व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मोफत खुली असतात, आणि त्या गर्दीत शालेय गट नेऊ नये. हे सगळे जुळवले की शुक्रवारी पॅरिसला उतरणे सर्वात सोयीचे ठरते. शुक्र, शनि, रवि, सोम असे चार मुक्काम पॅरिसला. मंगळवारी फ्लॉरेन्सला प्रस्थान, म्हणजे लूव्रचा बंद दिवस प्रवासात जातो. मंगळ आणि बुध फ्लॉरेन्स. गुरुवारी दुपारी रेल्वेने रोम, तिथे गुरु, शुक्र, शनि. रविवारी परतीचे विमान, म्हणजे व्हॅटिकनच्या सुट्टीचा फटका नाही. नऊ मुक्काम, दोनच स्थलांतरे. विमानाची तिकिटे पॅरिसला उतरून रोमहून परतायची अशी काढा. पुन्हा पॅरिसला येण्यात एक पूर्ण दिवस जातो.

या आराखड्यात व्हिशाची एक खोच आहे. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी अर्ज कुठे करायचा हे पहिल्या विमानतळावर ठरत नाही, सर्वाधिक मुक्काम कुठे यावर ठरते. इथे फ्रान्समध्ये चार रात्री आणि इटलीत पाच, म्हणून उतरणार पॅरिसला असलात तरी अर्ज इटलीकडे. मुक्काम समान असते तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरला असता. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, पण काही प्रकरणी पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागू शकतात. बारा वर्षांवरील मुलांचे बोटांचे ठसे घेतात, म्हणून प्रत्येकाला स्वतः जावे लागते, आणि छत्तीस जणांच्या भेटीच्या वेळा एकत्र मिळवणे हेच सर्वात वेळखाऊ काम. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो. शिक्षण किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना शुल्कमाफीची तरतूद आहे, पण निव्वळ पर्यटन त्यात बसत नाही. सहलीचे स्वरूप खरोखर तसे असेल तर शाळेचे पत्र जोडून आधी विचारा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला आणि परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध असावा. मुलांचे पासपोर्ट बहुधा कमी मुदतीचे असतात, म्हणून ही तपासणी पैसे भरून घेण्याआधी करा.

आई-वडील सोबत नसलेल्या अल्पवयीन मुलांसाठी दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र हवे. त्यात सहलीच्या तारखा, देश आणि जबाबदार शिक्षकांची नावे असावीत, आणि तातडीच्या वैद्यकीय उपचारांना संमती देणारे वाक्य नक्की असावे. मूळ प्रती हातातल्या बॅगेत, गटवार लावलेल्या. युरोपच्या सीमांवर ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. त्यात चेहऱ्याचे छायाचित्र आणि ठसे घेतात. चाळीस जणांना याला वेळ लागतो, म्हणून उतरण्याच्या दिवशी कुठलेही वेळेचे तिकीट काढू नका.

शिक्षक चार आहेत, ते पाच करा. नऊ मुलांमागे एक मोठा माणूस हे प्रमाण कागदावर ठीक दिसते, पण एका मुलाला दवाखान्यात न्यावे लागले की एक शिक्षक दिवसभर तिथे अडकतो आणि त्याचे उरलेले आठ विद्यार्थी उघड्यावर पडतात. नऊ-नऊ मुलांचे चार गट, प्रत्येकाला एक शिक्षक, आणि पाचवा मोकळा. कागदपत्रे, तिकिटे, राखीव पैसे आणि फोन त्याच्याकडे. पाचांत पुरुष आणि स्त्रिया दोन्ही असाव्यात. गट सहलभर बदलू नका.

हजेरी डोकी मोजून घेऊ नका. गर्दीत दुसऱ्याच शाळेचे मूल मोजले जाते आणि आकडा बरोबर येतो. प्रत्येक मुलाला गटात एक ते नऊ असा कायमचा क्रमांक द्या आणि क्रमांक त्यांनी स्वतः मोठ्याने बोलायचा. गाडीत चढण्याआधी, उतरल्यावर, संग्रहालयातून बाहेर पडल्यावर. एका गटाला वीस सेकंद लागतात.

मेट्रोसाठी नियम एकच आणि सर्वांना तोंडपाठ: फलाटावर राहिलेल्याने तिथेच उभे राहायचे, गाडीत पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून थांबायचे. शिक्षक परत येऊन घेऊन जातील. दोघेही एकमेकांना शोधायला निघाले तर दोघेही हरवतात. चारही गटांनी एकाच दारातून चढायचा प्रयत्न करू नये. चार दारे वाटून घ्या, शिक्षक सर्वात शेवटी चढेल. पॅरिसमध्ये प्रत्येकाला स्वतःचे कार्ड लागते, एका कार्डावर एकाच वेळी दोघांना जाता येत नाही. तिकीट किंवा कार्ड बाहेर पडेपर्यंत जपायचे, तपासनीस बाहेर पडण्याच्या वाटेवरही उभे असतात. रोमचे साधे तिकीट शिक्का मारल्यापासून १०० मिनिटे चालते, पण त्यावर मेट्रोचा प्रवास एकदाच होतो.

बस की रेल्वे, याचे उत्तर: संपूर्ण सहलीसाठी बस नको. पॅरिस ते फ्लॉरेन्स अकराशे किलोमीटरहून जास्त आहे. युरोपीय नियमांनुसार चालकाला साडेचार तासांनी पाऊण तास विश्रांती सक्तीची आहे, दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते (आठवड्यातून दोनदा दहा) आणि रात्रीची सलग विश्रांती सर्वसाधारणपणे अकरा तासांची. गाडीतल्या यंत्रात हे सगळे नोंदले जाते, त्यामुळे कितीही विनंती केली तरी चालक मोडणार नाही, आणि मोडूही नये. म्हणजे एका चालकासोबत हा प्रवास दोन दिवसांचा. शिवाय फ्लॉरेन्स आणि रोमच्या मध्यभागी मोठ्या बसला सहज जाता येत नाही. परवाना घ्यावा लागतो आणि ठरावीक जागीच उतरावे लागते. बस फक्त विमानतळासाठी घ्या, आणि भाडे ठरवताना प्रवेश-परवान्याचा आणि पार्किंगचा खर्च कोणाकडे हे लेखी घ्या. विमान मध्यरात्री उतरणार असेल तर तोच चालक पहाटे मिळणार नाही, हेही लक्षात ठेवा.

पॅरिसहून फ्लॉरेन्सला विमानाने जा, पण एक गोष्ट माहीत असू द्या. फ्लॉरेन्सच्या विमानतळाची धावपट्टी आखूड आहे आणि वारा प्रतिकूल असला की विमाने पिसा किंवा बोलोन्याला वळवली जातात. तिथून बसने शहरात यायला एक ते दीड तास जातो. म्हणून मंगळवारच्या दुपारी कसलेही आरक्षण ठेवू नका. वेळेवर पोहोचलात तर संध्याकाळी पियाझ्झाले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकातून शहर पाहा, ते मोफत आहे.

गुरुवारची रेल्वे वेगवान घ्या, रोमला दीड तासाच्या आसपास लागतो. तिकिटावर स्टेशनची नावे नीट वाचा: फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया नोव्हेल्ला हे मुख्य स्टेशन, पण काही गाड्या कांपो दि मार्ते किंवा रिफ्रेदीलाच थांबतात, आणि रोममध्ये तेर्मिनी व तिबुर्तिना यांत गल्लत होते. फलाटाचा क्रमांक गाडीच्या थोडाच वेळ आधी फलकावर येतो. तोवर गटाने फलकाखाली न उभे राहता एका भिंतीशी थांबावे आणि मोकळ्या शिक्षकाने फलक पाहावा. सर्व जागा एकाच डब्यात मिळाव्यात म्हणून गटाचे आरक्षण करा. चढताना दोन धडधाकट मुलांना आधी आत पाठवून बॅगा हातोहात द्या.

बॅग मुलाला स्वतःला जिना चढवता आली पाहिजे. दहा-बारा किलो, त्याहून जास्त नाही. फ्लॉरेन्सच्या दगडी फरशीवर छोटी चाके तुटतात. मोठ्या चाकांची किंवा पाठीवरची बॅग चांगली.

तिकिटांबाबत एक मोठा दिलासा: लूव्रमध्ये १८ वर्षांखालील सर्वांना, कोणत्याही देशाचे असोत, प्रवेश मोफत आहे. इटलीच्या सरकारी संग्रहालयांतही तसेच, त्यात उफिझी, अकादेमिया आणि कलोसियम आले. पण मोफत म्हणजे आरक्षणाशिवाय नव्हे. वेळ ठरवून शून्य किमतीचे तिकीट घ्यावेच लागते, आणि वयाचा पुरावा लागतो. कलोसियमची तिकिटे २०२३ पासून नावानिशी आहेत. दारावर ओळखपत्राशी नाव जुळवतात. सहलीची यादी शाळेच्या हजेरीपटावरून टंकली की टोपणनाव, आडनावाचा क्रम किंवा एखादे अक्षर बदलते आणि मूल दारात अडकते. यादी पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी असलेल्या यंत्र-वाचनीय ओळींवरूनच करा, आणि एकाने वाचायचे, दुसऱ्याने तपासायचे. व्हॅटिकन हे वेगळे राष्ट्र, तिथे तिकीट लागते, आणि मार्गदर्शकासोबतच्या गटाला मार्गदर्शकाचा आवाज ऐकवणारी, कानात लावायची यंत्रे सक्तीची असतात.

लूव्रला शनिवारी सकाळी नऊची वेळ घ्या आणि दीड तासात दहाच वस्तू दाखवा: मोनालिसा, सामोथ्रेसची विजयदेवता, मिलोची व्हीनस, हम्मुराबीची शिळा, दोन गुलाम आणि उरलेले मुलांनी निवडलेले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे लक्ष यापुढे टिकत नाही, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रविवारी व्हर्साय. तिथे जाणारी आरईआर-सी ही उपनगरी गाडी अनेक दिशांना जाते, म्हणून शेवटचे स्टेशन 'व्हर्साय शातो रिव्ह गोश' आहे ना हे फलकावर पाहा. सोमवारी नोत्र दाम (डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले, प्रवेश मोफत) आणि शेजारचे सेंत-शापेल हे चर्च. हे दुसरे न्यायालयाच्या आवारात असल्याने विमानतळासारखी झडती होते. कात्री आणि काचेच्या बाटल्या त्या दिवशी मुक्कामीच ठेवा. आयफेल टॉवरला वेळ कमी असेल तर नदीपलीकडच्या ट्रोकादेरो चौकातून पाहणे पुरेसे. चढायचेच तर दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत आणि मुलांना त्या आवडतात.

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वाट अरुंद, मधून परत फिरणे अवघड. दमा किंवा बंद जागेची भीती असलेली मुले खाली एका शिक्षकासोबत थांबतील, हे आदल्या रात्री खाजगीत विचारून ठरवा. दारात सर्वांसमोर विचारले तर मूल लाजेखातर हो म्हणते. बुधवारी सकाळी उफिझी, दुपारी घुमट, गुरुवारी सकाळी अकादेमिया.

रोममध्ये शुक्रवारी व्हॅटिकन: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांसाठीही. सिस्टिन चॅपलमध्ये बोलणे आणि छायाचित्रे दोन्हींना मनाई, म्हणून छताचे चित्र बाहेर अंगणातल्या फलकांवर समजावून मगच आत जा. चॅपलमधून थेट सेंट पीटर्स या चर्चमध्ये नेणारे दार कधी उघडे असते, कधी नसते. त्यावर वेळापत्रक बांधू नका. शनिवारी सकाळी कलोसियम आणि शेजारचे प्राचीन अवशेष म्हणजे फोरम, दुपारी तीननंतर मोझेस. सान पिएत्रो इन विंकोली दुपारी साडेबारा ते तीन बंद असते, आणि कलोसियमपासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे.

मुक्कामाच्या ठिकाणी खोल्यांची यादी पासपोर्ट क्रमांकांसह आधीच पाठवा. इटलीत पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, आणि चाळीस पासपोर्ट हाताने लिहायला तासभर लागतो. शिक्षकांच्या खोल्या मजल्याच्या दोन्ही टोकांना असाव्यात. पर्यटक कर अनेकदा रोख मागतात: पॅरिसमध्ये १८ खालील मुलांना माफ, पण रोममध्ये फक्त दहा वर्षांखालील आणि फ्लॉरेन्समध्ये बारा वर्षांखालील मुलांना. म्हणजे इटलीत तुमच्या सर्व विद्यार्थ्यांचा पाच रात्रींचा कर अंदाजपत्रकात हवा.

रात्रीची जेवणे आधी ठरवून पैसे भरून ठेवा, दुपारी मुलांना गटागटाने हलके खाऊ द्या. युरोपीय कायद्याने १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे उपाहारगृहांना बंधनकारक आहे. निःसंकोच मागा. पक्के शाकाहारी असतील तर परमेसान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने बनते हे त्यांना आधी सांगा, पास्तावर ते न विचारता घालतात. कोणी कुठे बसून खातो यालाही नियम आहेत. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर नुसते बसले तरी २०१९ पासून दंड आहे आणि तो २५० युरोंपासून सुरू होतो. पाण्याची बाटली प्रत्येकाकडे असू द्या. रोममध्ये रस्त्यावरचे दोन हजारांहून अधिक नळ सतत वाहतात आणि ते पाणी पिण्याजोगे आहे.

पासपोर्ट रोज मुलांच्या खिशात नकोत. रंगीत प्रत त्यांच्याकडे, मूळ पासपोर्ट तिजोरीत, आणि नावाची तपासणी असलेल्या दिवशी मोकळ्या शिक्षकाकडे. पॅरिसच्या मेट्रोची पहिली लाइन आणि रोमची ६४ क्रमांकाची बस इथे खिसे सर्वाधिक कापले जातात. फोन हिसकावणारे दार बंद होण्याच्या क्षणाची वाट पाहतात, म्हणून दाराजवळ उभे राहून फोन पाहायचा नाही. सही मागणारे कागद पुढे करणाऱ्यांशी किंवा मनगटाला दोरा बांधणाऱ्यांशी थांबून बोलायचे नाही. पासपोर्ट गेलाच तर पोलिसांची लेखी तक्रार आणि दोन छायाचित्रे घेऊन दूतावासात जावे लागते. दूतावास राजधानीत असतात, म्हणजे फ्लॉरेन्समध्ये हरवला तर रोमला.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. फ्रान्समध्ये साधे पॅरासिटामॉलही औषधांच्या दुकानाखेरीज मिळत नाही, किराणा दुकानात शोधू नका. आणीबाणीला दोन्ही देशांत ११२. प्रत्येकाच्या फोनच्या मागे मुक्कामाचा पत्ता आणि मोकळ्या शिक्षकाचा क्रमांक चिकटवा, कारण फोन बंद पडला तरी कागद वाचता येतो.

मोकळा वेळ द्याच, तो काढून टाकला तर मुले नियम मोडून मिळवतात. नव्वद मिनिटे, किमान तिघांनी एकत्र, हद्द नदी किंवा रस्त्याच्या नावाने ठरवलेली, भेटण्याची जागा छपराखालची. ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांनी न आलेल्यांना फोन, वीस मिनिटांनी मोकळा शिक्षक शोधायला निघेल आणि बाकीचे जागेवरून हलणार नाहीत.

रविवारी रोमहून निघताना विमानतळावर साडेतीन तास आधी पोहोचा. निर्गमनाचीही तीच संगणकीय नोंद होते. फ्युमिचिनो या रोमच्या विमानतळासाठी शहरातून थेट रेल्वे आहे, अर्ध्या तासाची, पण चाळीस बॅगांसह मुक्कामाच्या दारातून निघणारी बसच बरी. ती तीन दिवस आधी लेखी पक्की करा, चालकाचा फोन क्रमांक घ्या, आणि दाराशी मोठी बस उभी राहू शकते का हे मुक्कामाच्या व्यवस्थापकाला विचारून ठेवा.